कोळ्याचं जाळं कसं वाचायचं

(एका ग्रंथालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज मी एकाच प्राण्याबद्दल बोलणार आहे. तो बघायला अभयारण्यात जावं लागत नाही, दुर्बीण लागत नाही, पहाटे चारला उठून जीपमध्ये बसावं लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये परसदारी जा. कर्दळीच्या आळ्यात, मेंदीच्या कुंपणात, शहरात असाल तर गच्चीवरच्या दोन कुंड्यांच्या मधे, साधारण कमरेच्या उंचीवर एक गोल जाळं दिसेल. जाळ्याच्या मधोमध एक कोळी डोकं खाली करून बसलेला असेल. त्याला पाय आठच असतात, पण तो दोन-दोन पाय जुळवून धरतो, म्हणून लांबून चारच दिसतात आणि त्यांची फुली होते. पायांच्या पुढे, त्याच रेषेत, जाळ्यावर जाड पांढऱ्या रेशमाची नागमोडी पट्टी ओढलेली असते. या पट्टीमुळे आपल्याकडच्या निसर्गमंडळींच्या तोंडी त्याचं नाव सिग्नेचर स्पायडर असं बसलंय. शास्त्रीय प्रजातिनाम आर्जिओपी. महाराष्ट्रात याच्या एकाहून जास्त जाती आहेत. त्यातल्या आर्जिओपी अनसुजा आणि आर्जिओपी पुल्केला या दोन जाती घराजवळ जास्त दिसतात. स्वीडनचे कोळीतज्ज्ञ थोरेल यांनी त्यांची नोंद १८८० च्या दशकात केली.

जाळ्यात बसलेली, आपल्या नजरेत भरणारी ही मादी असते. अंग सुमारे एक सेंटिमीटर, डोक्याच्या भागावर चंदेरी लव, पोट पंचकोनी, त्यावर पिवळे, तपकिरी, पांढरे आडवे पट्टे. नर तिच्या निम्म्यानेही भरत नाही. त्याच्याकडे नंतर येते.

आधी एक गोष्ट बाजूला करू. दिवाळीच्या साफसफाईत छताच्या कोपऱ्यातली जी जळमटं आपण काढतो, ती हिची नाहीत. ती बहुतेक वेळा लांब, काटकुळ्या पायांच्या एका वेगळ्याच कोळ्याची असतात. तो घरातच राहतो आणि त्याच्या जाळ्याला ठरीव आकार नसतो. ही बाहेरची. तिला घरात यायचंच नसतं.

आणि भीतीचं काय? अंगावरून कोळी गेला म्हणून फोड आले, असं आपल्या घराघरात म्हणतात. पावसाळ्यात मानेवर, हातावर लालभडक चट्टा उठतो, आग होते, फोड येतात, हे खरंच आहे. पण त्यामागे पुष्कळदा एक बारीक भुंगेरा असतो. पेडेरस त्याचं नाव. नारिंगी आणि काळ्या रंगाचा, मुंगीएवढा, रात्री दिव्यावर येणारा. तो चावत नाही, नांगी मारत नाही. आपण मानेवर चापट मारून तो चिरडतो, त्याच्या शरीरातलं पेडेरिन नावाचं रसायन कातडीला लागतं आणि चट्टा उठतो. काही वेळा ते फोड नागिणीचे असतात, आणि ती तर विषाणूमुळे होते. बिल मात्र कोळ्याच्या नावावर फाडलं जातं. आर्जिओपीला विष आहे, जवळपास सगळ्याच कोळ्यांना असतं, पण ते नाकतोड्याला आणि माशीला पुरेल असं. तिला बोटांत दाबून धरलंत तर ती चावू शकते, पण चावा सौम्य असतो. तुम्ही नुसते जवळ उभे राहिलात तर ती दोनच गोष्टी करते. एकतर जाळं जोरजोरात हलवते, इतकं की तिचं अंग धूसर दिसायला लागतं, नाहीतर धागा सोडून टपकन खाली गवतात पडते. दोन्ही वेळा घाबरलेली ती असते.

आता मुख्य विषयाकडे येते. मला आज एवढंच सांगायचंय की कोळी बघायचा म्हणजे त्याचं जाळं वाचायचं. पक्षी काय करतो ते त्या क्षणी बघावं लागतं, नजर चुकली की गेलं. कोळ्याने रात्रभर काय केलं ते सकाळी तुमच्यासमोर धाग्यांत मांडलेलं असतं. कुठून सुरुवात केली, कुठे अडलं, किती भूक होती, आदल्या दिवशी कुठल्या बाजूला शिकार मिळाली, यातलं पुष्कळसं तिथे असतं. आणि उद्या नवं पान.

वाचायचं कसं? जाळ्याचे धागे इतके बारीक असतात की मागे हिरवी पानं असली तर काहीच दिसत नाही. यासाठी माझं आवडतं साधन म्हणजे काळी छत्री. पावसाने उघडीप दिली की सकाळी बाहेर जा, छत्री उघडा आणि जाळ्यामागे हातभर अंतरावर धरा. ऊन बाजूने येईल असे उभे राहा. धागान् धागा उठून दिसतो. काहीजण फोटोसाठी जाळ्यावर मैदा किंवा पावडर उडवतात. ते करू नका. चिकट धागे पावडरीने कोरडे पडतात आणि त्या जाळ्यात मग काही अडकत नाही, म्हणजे तुम्ही तिचं त्या दिवसाचं जेवण काढून घेतलंत.

छत्री धरलीत की पहिली गोष्ट बघा: जाळ्याचा मध्य मध्यावर नसतो. वरचा भाग लहान असतो, खालचा मोठा. कारण सरळ आहे. ती डोकं खाली करून बसते आणि खालच्या दिशेने वेगाने धावते, वर चढायला तिला वेळ लागतो. जिथे लवकर पोचता येतं तिथे जाळं जास्त पसरायचं. मादी वयाने आणि वजनाने वाढते तसा हा फरक वाढतो. पण हे नुसतं वजनाचं गणित नाही. १९९९ साली हाइलिंग आणि हर्बरस्टाइन या दोन संशोधिकांनी आर्जिओपीच्या ऑस्ट्रेलियातल्या एका जातीवर आणि दुसऱ्या एका गोल जाळ्याच्या कोळ्यावर काम करून दाखवलं की ज्या बाजूला शिकार जास्त मिळते, ती बाजू कोळी पुढच्या जाळ्यात वाढवतात. म्हणजे कालचा अनुभव आजच्या जाळ्यात उतरतो. मोहरीच्या दाण्याएवढाही मेंदू नसलेला प्राणी हे करतो, आणि ते तुमच्या कर्दळीत बघता येतं. रोज सकाळी मध्यापासून वरची कड आणि खालची कड किती बोटं आहे एवढं जरी लिहून ठेवलंत तरी पुरे.

गुरुत्वाकर्षणच नसेल तर? हा प्रश्न एका शाळकरी मुलीला पडला होता. अमेरिकेतल्या ज्युडिथ माइल्स या विद्यार्थिनीने सुचवलेला प्रयोग म्हणून १९७३ साली अराबेला आणि अनिता नावाच्या दोन कोळी-माद्या स्कायलॅब या अवकाश प्रयोगशाळेत गेल्या. त्या आर्जिओपी नव्हत्या, युरोपातल्या बागांमध्ये आढळणाऱ्या गोल जाळ्याच्या कोळ्याच्या होत्या. अराबेलाची सुरुवातीची जाळी वेडीवाकडी झाली, पण पुढे ती जमवत गेली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, ते मला जास्त मोलाचे वाटतात. वजन नाहीसं झाल्यावर जाळी बरीच समतोल झाली, मध्य मधोमध आला. पण दिवा चालू असताना विणलेली जाळी मात्र पृथ्वीवरच्यासारखी एका बाजूला झुकलेली निघाली. वर-खाली कळेनासं झालं तेव्हा कोळ्यांनी उजेडाकडून दिशा घेतली. जाळ्यातले कोळी दृष्टीने अधू असतात, त्यांचे आठ डोळे नावालाच, असं आपण ऐकत आलो. त्या डोळ्यांचा हा उपयोग कोणाच्या ध्यानीमनी नव्हता.

जाळं विणताना बघायचं असेल तर पहाटे उठावं लागेल, कारण हे काम बहुधा उजाडायच्या आत उरकतं. क्रम थोडक्यात सांगते. पहिला धागा वाऱ्यावर सोडायचा, तो पलीकडे कुठेतरी चिकटला की त्यावरून जाऊन तो पक्का करायचा. मग चौकट. मग मध्यातून बाहेर जाणारे आरे. मग आतून बाहेर एक विरळ, बिनचिकट फेरा, तो फक्त पाय ठेवायला. शेवटी बाहेरून आत चिकट धाग्याचे दाट फेरे, आणि हे घालत येताना तो तात्पुरता फेरा कापून टाकायचा. चौकट आणि आरे एका प्रकारच्या रेशमाचे, चिकट फेरे दुसऱ्या, त्यावरचा गोंद तिसऱ्याच ग्रंथींतून. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलंत तर चिकट धाग्यावर गोंदाचे थेंब ओळीने दिसतात, आऱ्यांवर दिसत नाहीत. आमच्या परसातली मादी हे करत असताना मी पडवीत बसून बघते. शेवटच्या फेऱ्यात प्रत्येक आऱ्याशी ती एक पाय आधीच्या फेऱ्यावर टेकवते आणि तेवढं अंतर राखून नवा धागा डकवते. तिची मोजपट्टी म्हणजे तिचे स्वतःचे पाय. एखादा पाय तुटलेला असेल तर त्या जाळ्यातली अंतरंही बिघडलेली दिसू शकतात.

आणि जुनं जाळं? ते ती खाते. यावर जरा थांबते, कारण ही गोष्ट आपल्या परंपरेला फार आधीपासून माहीत आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात, म्हणजे ज्यावर नाथमहाराजांनी मराठीत टीका लिहिली त्याच स्कंधात, अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी यांच्याबरोबर त्यात कोळीही आहे. कोळी आपल्यातूनच धागा काढतो, त्याच्याशी खेळतो आणि पुन्हा गिळून टाकतो, तसं परमेश्वर जगाचं करतो, असा तो दृष्टान्त. मुंडकोपनिषदातही धागा बाहेर सोडून परत आत घेणारा कोळी आहे. भागवतात धागा तोंडावाटे निघतो असं म्हटलंय. प्रत्यक्षात तो पोटाच्या टोकाशी असलेल्या बारीक तोट्यांतून निघतो. पण गिळण्याची गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आणि ती घरबसल्या सुचणारी नाही. कोणीतरी पहाटेच्या अंधुक उजेडात कोळ्यासमोर बसून ती बघितली असली पाहिजे. त्या अनाम माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. १९७१ साली डेव्हिड पीकॉल यांनी प्रयोगशाळेत हेच वेगळ्या रीतीने तपासलं. रेशमाला किरणोत्सारी खूण केली, ते कोळ्याला खाऊ दिलं आणि त्याने नंतर विणलेल्या जाळ्यात ती खूण शोधली. बहुतेक सगळी खूण नव्या धाग्यांत परत आली, तीही फार लवकर. रेशीम म्हणजे प्रथिन. ते फेकून देणं या प्राण्याला परवडत नाही.

आता शिकार. इथे मी सावकाश जाणार आहे, कारण बहुतेकांना वाटतं की कोळी धावत जाऊन चावतो आणि संपलं.

नाकतोडा जाळ्यात पडतो. मादी मध्यातच बसलेली असते, पुढचे पाय आऱ्यांवर टेकलेले. ती लगेच धावत नाही. पुढच्या पायांनी आरे किंचित ओढून सोडते, एक, मग दुसरा. कुठल्या आऱ्याच्या टोकाला वजन आहे ते ती चाचपत असते. मग वळते आणि सरळ त्या आऱ्यावरून जाते. नाकतोड्याशी पोचल्यावर ती तोंड नाही, पाठ पुढे करते. पोटाच्या टोकातून रेशमाचा एक धागा नाही, शेकडो धाग्यांचा रुंद पांढरा पट्टा निघतो, आणि शेवटच्या जोडीच्या पायांनी, आळीपाळीने, ती तो नाकतोड्यावर टाकत राहते. त्याच वेळी दुसऱ्या पायांनी नाकतोड्याला गरगरा फिरवते. काही क्षणांत त्याचे काटेरी पाय अंगाशी बांधले जातात. हे सगळं तिच्या पायाच्या लांबीएवढ्या अंतरावरून. इथवर तिने त्याला चावा घेतलेला नसतो. लाथ मारू शकणाऱ्या, चावू शकणाऱ्या प्राण्यापासून तिचं मऊ पोट लांब राहतं. बांधून झाल्यावरच चावा. मग आजूबाजूचे धागे तोडून गाठोडं सुटं करायचं, मागून लोंबकळत ठेवून मध्याशी न्यायचं, पुन्हा डोकं खाली करून बसायचं आणि खायला सुरुवात.

आता त्याच जाळ्यात फुलपाखरू किंवा पतंग पडू दे. क्रम उलटा होतो. ती आधी चावते आणि धरून ठेवते, गुंडाळते नंतर. का? फुलपाखराच्या पंखावर खवले असतात. ते गोंदाला चिकटून जाळ्यातच राहतात आणि फुलपाखरू निसटतं. बांधायला वेळ नाही. जाळ्याचा धक्का आणि पहिला स्पर्श, एवढ्यावरून तिला भक्ष्याचा प्रकार ओळखावा लागतो. मायकेल रॉबिन्सन यांनी पनामात आर्जिओपीच्या तिथल्या रुपेरी जातीवर बारकाईने निरीक्षणं करून १९६९ मध्ये हा फरक मांडला. आपल्या जातींमध्ये तो असाच दिसतो का, हे तुम्ही परसात तपासू शकता. मात्र मुद्दाम फुलपाखरू पकडून जाळ्यात टाकायचं नाही. त्याला पडायचं असेल तेव्हा ते पडेल.

मुलांना हाताशी धरून करण्यासारखा एक प्रयोग सांगते. शाळेच्या प्रयोगशाळेत नादकाटा असतो. तो आपटा आणि त्याचं टोक अलगद जाळ्याच्या कडेला टेकवा. मादी आरे चाचपते, वळते आणि नादकाट्याकडे येते, तो जणू जाळ्यात पडलेली माशी आहे असं समजून. सी. व्ही. बॉइज या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १८८० मध्ये नेचर नियतकालिकात हे लिहिलं. नादकाटा जाळ्याला न लावता नुसता जवळ आणला तर कोळी धागा सोडून खाली पडतो, हेही त्याने टिपलं. धाग्यातून आलेलं कंपन म्हणजे अन्न, हवेतून आलेलं म्हणजे संकट. एकदा करून बघा, पण तिच्या मागे लागू नका. दोन-तीनदा फसली की ती येणं थांबवते, आणि खरी माशी सोडून तुमच्यासाठी धावत बसायला तिच्याकडे ताकद नसते.

आता त्या पांढऱ्या नागमोडी पट्टीकडे येऊ. हिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि सव्वाशे वर्षं कोळीतज्ज्ञही आपसात हेच विचारतायत. पूर्वी समज असा की ही पट्टी जाळ्याला बळकटी देते. तिचं लॅटिन नावही त्यावरूनच पडलं. पण ती आऱ्यांवर सैलसर टाकलेली असते, भार तिच्यावर येतच नाही. ज्या रेशमाने शिकार गुंडाळतात त्याच रेशमाची ती असते. मग कशासाठी?

१९८३ मध्ये आयझनर आणि नोविकी यांनी म्हटलं, पक्ष्यांसाठी. सकाळी उडणाऱ्या पक्ष्याला जाळं दिसावं आणि त्याने ते फाडू नये. त्यांनी बिनपट्टीच्या जाळ्यांवर पट्टीसारख्या खुणा लावल्या, आणि ती जाळी सकाळभर जास्त टिकली. १९९० मध्ये क्रेग आणि बर्नार्ड यांनी म्हटलं, कीटकांसाठी. ही पट्टी अतिनील किरण परावर्तित करते, आणि फुलांचा शोध घेणाऱ्या कीटकांना अतिनील दिसतं, म्हणून ते ओढले जातात. पुढे ब्लॅकलेज आणि वेन्झेल यांना याच्या उलट मिळालं: पट्टी असलेल्या जाळ्यांत भक्ष्य कमी सापडलं, कारण कीटकांना जाळं दिसत होतं. पण त्यांनाच असंही आढळलं की पट्टी असलेल्या आर्जिओपीला कुंभारणीपासून संरक्षण मिळतं. कुंभारीण म्हणजे आपल्या भिंतीवर, दाराच्या चौकटीत मातीची घरटी बांधणारी गांधीलमाशी. त्या मातीच्या कोठड्यांत ती आपल्या अळीसाठी लुळे केलेले कोळी भरून ठेवते. घरटं पडलंच तर उघडून बघा. परसात कुठले कोळी राहतात त्याची यादी आत मिळते.

मला स्वतःला संरक्षणाचा अर्थ जास्त पटतो, आणि याचं कारण प्रयोगांइतकंच माझ्या परसातलं आहे. या गटातल्या अनेक जातींची लहान पिल्लं फुली करत नाहीत, ती जाळ्याच्या मध्यावर पांढरी गोल चकती विणतात आणि तिच्याआड बसतात. जवळ गेलं की चटकन मागच्या बाजूला जातात आणि चकतीआड पूर्ण झाकली जातात. आमिष म्हणून वापरायची वस्तू असती तर लपायला वापरायचं कारण काय? वाढता वाढता चकती जाते आणि हळूहळू फुलीचे हात, म्हणजे त्या नागमोडी पट्ट्या, येतात. पण माझं मत हा निकाल नाही. मोठ्या माद्यांचं वागणं इतकं सरळ नाही. एके दिवशी चारही हात, दुसऱ्या दिवशी दोनच, तिसऱ्या दिवशी एकही नाही. वेगवेगळ्या जातींना, वेगवेगळ्या जागांना पट्टीचा उपयोग वेगवेगळा असू शकतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, रोज फक्त एवढं टिपा: हात किती, कुठल्या बाजूचे, आदल्या दिवशी पोटभर मिळालं होतं का, पाऊस होता का, जाळं उघड्यावर आहे की आडोशाला. एका मादीची पूर्ण पावसाळाभर ठेवलेली अशी वही ही या वादात खरी भर आहे. त्यासाठी पदवी लागत नाही.

जाळ्यात ती एकटी नसते. कडेकडेने भिंग फिरवा. पाऱ्याच्या थेंबासारखा चकाकणारा, दोन-तीन मिलिमीटरचा एक कोळी दिसण्याची बरीच शक्यता आहे. तो आर्जिरोडीस. तो स्वतःचं शिकारी जाळं घालण्याऐवजी मोठ्या कोळ्यांच्या जाळ्यात राहतो आणि तिला क्षुल्लक वाटणारे बारीक कीटक उचलतो, कधी तिने बांधून ठेवलेल्या गाठोड्यालाही तोंड लावतो. तिला तो दिसत नाही, आणि तो इतका हलका चालतो की कळतही नाही.

कधी मादीला सातच पाय असतात. तुटला, मारामारीत गेला, असं आपण म्हणतो. पण कधी तिने स्वतःच तोडलेला असतो. आयझनर आणि कॅमाझीन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की भक्ष्याने पायात विष टोचलं तर आर्जिओपी तो पाय मुळाशी टाकून देते, विष अंगात चढायच्या आत. वाढीच्या वयातली असेल तर पुढच्या कातेच्या वेळी नवा पाय येतो, आधी थोडा आखूड. कात टाकताना बघायला मिळाली तर मात्र बाकी सगळी कामं सोडून थांबा. ती जाळ्यातून उलटी लोंबते, पाठीवरचं कवच झाकणासारखं उघडतं, आणि मग घट्ट बांगडीतून हात काढावा तसे ती एकेक करत आठही पाय जुन्या सालीतून ओढून काढते. नवीन पाय काही काळ अगदी मऊ असतात. त्या वेळी तिला हात लावणं म्हणजे तिला जन्माचं अधू करणं.

आता नर. वाढलेल्या मादीच्या जाळ्याच्या कडेला एखादा फिकट, किरकोळ कोळी दिवसेंदिवस बसलेला दिसला तर तो तिचं पिल्लू नव्हे. तोंडाजवळ त्याला दोन आखूड, टोकाशी फुगीर अवयव असतात, त्यांनी तो वीर्य मादीपर्यंत पोचवतो. तो एक धागा बांधतो आणि त्यावर थरथर करून तिला इशारे देतो. अनेकदा ती त्याला खाते. अमेरिकेतल्या आर्जिओपी ऑरान्शिया या जातीत तर दुसरा अवयव वापरताच नर आपोआप मरतो, मादीने काही करो वा न करो. फोल्मर आणि फेअरबेर्न यांनी २००३ मध्ये हे प्रसिद्ध केलं. आपल्या जातींमध्ये नेमकं काय घडतं याची घराजवळची निरीक्षणं फार मोलाची ठरतील.

जात ओळखण्याबद्दल एक सूचना. पाठीच्या फोटोवरून आर्जिओपी आहे हे छातीठोक सांगता येतं, अनसुजा की पुल्केला हे नेहमी नाही. त्याला पोटाखालचे बारकावे लागतात, म्हणून खालूनही फोटो घ्या. आपल्याकडे या विषयाचा पाया घालण्यात बिनॉय कृष्ण टिकादार यांचा मोठा वाटा आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रात राहून त्यांनी कोळ्यांवर काम केलं, पुढे ते त्या संस्थेचे संचालक झाले. काम संपलेलं मात्र नाही. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात नोंदवली गेली आणि तिला तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ आयसियस तुकारामी असं नाव दिलं गेलं. इतक्या दाट वस्तीच्या भागात, माणसांच्या इतक्या जवळ, तोवर शास्त्राला माहीत नसलेला प्राणी राहत होता. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि सगळे मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, असा अंदाज निफेलर आणि बिर्कहोफर यांनी २०१७ मध्ये मांडला. त्यातला फार मोठा भाग कीटक. बागेत औषध फवारण्याआधी हा आकडा आठवावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

पाऊस संपला, हवा कोरडी व्हायला लागली की मादीचं पोट फुगलेलं दिसेल. मग एक दिवस ती बारीक झालेली असेल आणि जाळ्याच्या आसपास, पानाआड किंवा भिंतीच्या कोपऱ्यात, रेशमाचा एक कोष लटकलेला असेल. त्यात शेकडो अंडी असू शकतात. ती परत जाळ्यात येऊन बसते, कधी आणखी कोष करते. मग एका सकाळी जाळं रिकामं असतं, दुसऱ्या दिवशी फाटकं, आणि नवं होत नाही. त्या दिवशी वही बंद करू नका. कोष अजून तिथे आहे. अंड्यातून निघालेली पिल्लं पहिली कात कोषातच टाकतात, मगच बाहेर येतात, काही दिवस घोळक्याने राहतात, नंतर उंच जागी चढून पोट वर करतात, बारीक धागे हवेत सोडतात आणि उडून जातात. हे वाऱ्यानेच होतं असं मानलं जाई. मॉर्ली आणि रॉबर्ट यांनी २०१८ मध्ये दाखवलं की हवेतलं विद्युत क्षेत्रही त्यांना कळतं, आणि वारा नसलेल्या बंद पेटीतही त्या क्षेत्राने काही कोळी उचलले जातात.

कोष झाडूने काढू नका, आणि कौतुकाने बरणीत घालून घरातही ठेवू नका. होता तिथेच राहू द्या, शक्य तर रोज त्याच वेळी बघा. वर एखादं छोटं गोल भोक दिसलं आणि पिल्लांऐवजी त्यातून बारीक गांधीलमाश्या निघाल्या, तर वाईट वाटेल, पण तेही लिहा. या माश्या कोळ्याच्या अंड्यांवर वाढतात, आणि कुठल्या जातीच्या माश्या कुठल्या कोषातून निघतात हे जाणकारांना हवं असतं. एखादी माशी काडेपेटीत ठेवा, वर तारीख, जागा आणि कोष कोणाचा होता ते लिहा, आणि पुढच्या वेळी येताना ती घेऊन या. भिंगाखाली आपण सगळे मिळून बघू.